स्थिर आकार

परळीत वीज तयार होते, म्हणून परळीत राख पडते.
मोबाइलची काच बाहीनं पुसायची
आणि मीटरचा फोटो काढायचा, हे माझं काम.
एका फोटोला साडेचार रुपये.
धूसर आला तर ठेकेदार कापून घेतो.

कुशावर्ता मावशीचं मीटर आत, मोरीच्या वर,
जुनं, चकतीचं.
तिथवर पोचायला दोरीवरचे सतरा शर्ट
मानेनं बाजूला सारावे लागतात.
सगळे कॉलनीतले. पांढरे.
सकाळी धुतलेले, दुपारपर्यंत राखाडलेले,
चारला पुन्हा पाण्यात.
दुसऱ्या धुण्याचे पैसे कुणी देत नाही.
"राख काय आम्ही पाडली?" असं
राखेच्याच पगारावर जगणारे विचारतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिची वीज तोडली.
खांबावर आमचाच शिवमूर्ती होता.
उतरल्यावर तिनं तांब्या पुढं केला,
तो प्यायला, खाली बघत,
आणि वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून गेला.

आता इस्त्री कोळशाची, सासऱ्याच्या वेळची, पितळी,
कडीवर मान मोडलेला कोंबडा.
कोळसा रुळाच्या कडेचा, वॅगनमधून सांडलेला.
आधी अंगणात पेटवून त्याचा धूर मरू द्यायचा,
नाहीतर कॉलरला वास बसतो.
गॅसची टाकी कोपऱ्यात आहे,
तिच्यावर निळीची बाटली, बटनांचा डबा,
आणि कुणाच्या तरी खिशात सापडलेलं
एक लग्नाचं आमंत्रण.

"बिल वाच बाप्पा."
मी वाचलं. वापर, शून्य युनिट.
स्थिर आकार...
"ह्यो कोन?"
हा असतोच मावशी. वीज जाळा, नका जाळू.
"आकार हाय म्हन्तोस. मंग गोल का चौकोनी?"
मी हसलो.
ती मांडीवरचा शर्ट सरळ करत राहिली.
"न्हाई, खरंच इचारते. घरात हाय म्हन्तोस तर
कुठं ठेवलाय त्यो?"

मग मागची थकबाकी. तिच्या पोटात
वहन आकार, इंधन समायोजन आकार.
म्हणजे कंपनीला कोळसा महाग पडला
की वरचा फरक आपण भरायचा.
तिनं हिशोब जुळवला, बोटांवर, सावकाश.
"परवा रुळावर शिपायानं
माझं घमेलं लाथंनं उलथं केलं.
अर्धा कोळसा नालीत गेला.
त्यो फरक कुनाच्या बिलात घालायचा?"

बिलात तशी ओळ नाही.
मी कागद उलटून मागंही बघितलं.

घड्या घातलेले शर्ट ती रद्दीत बांधते.
वरच्याच पानावर कुठल्याशा वीज कंपनीचा
तिमाही नफा, दुप्पट,
आणि नऊ माणसं, एका ओळीत, टाळ्या वाजवताना.
तिला अक्षर लागत नाही.
पान उंबऱ्याकडं नेऊन ती फोटोच बघत होती.
"ह्या चौथ्याच्या बाहीला दोन घड्या पडल्यात.
कामून असं करतेत लोकं,
येवढा चांगला कपडा."

बाहेर दिवेलागण झाली होती.
चिमणीवरचे लाल दिवे लागले, कॉलनी उजळली,
मधल्या दोन गल्ल्या तशाच.
मी मोरीपाशी गेलो, फोटो काढला.
ॲप म्हणालं, प्रकाश अपुरा आहे.
पुन्हा प्रयत्न करा.
फ्लॅश लावला तर काच नुसती चमकायची,
आकडा पुसून जायचा.
पुन्हा अपुरा. पुन्हा.
साडेचार रुपये, मी मनात म्हणत होतो,
आणि ते तिला ऐकू गेलं असावं.

ती उठली.
इस्त्रीचं झाकण उघडून मीटरजवळ धरली,
दोन्ही हातांनी, कारण ती जड आहे,
आणि निखाऱ्यांवर फुंकर घातली.
राख उडाली, माझ्या भुवयांवर बसली.
काचेआड तांबूस आकडे दिसले,
चार, एक, आठ, सात.
पोळ्यापासून तेच.

फोटो स्वीकारला, ॲप म्हणालं.

"झालं का? सर मंग," ती म्हणाली,
"इस्त्री निवायलीय,
अजून सहा शर्ट हायेत."